झिंगराजींचा डेबू
(श्री संत गाडगेबाबा आणि दारू सोडवणारं कीर्तन)



दिंडीच्या शताब्दीच्या या ग्रंथात गाडगेबाबांचं चरित्र कशाला, असं आपल्यातल्याच एक-दोन जुन्या मंडळींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. बाबांनी कुणाच्या गळ्यात माळ घातली नाही. फड उभा केला नाही, शिष्य केला नाही, मठ बांधून गादीवर बसले नाहीत. पाया पडायला कुणी वाकलं की हातातली काठी उगारायचे. पंढरपुरात वर्षानुवर्षं आले, पण विठोबाच्या गाभाऱ्यात जाण्यापेक्षा त्यांचा मुक्काम चंद्रभागेच्या वाळवंटात. आपण वारकरी दशमी-एकादशीला तिथं जी घाण करून ठेवतो, ती खराट्यानं गोळा करायची हीच त्यांची वारी.

आपली दिंडी पहिल्यांदा पंढरीला पोचली तेव्हा बाबा पन्नाशीच्या आसपास होते. म्हणजे आपल्या पहिल्या पिढीच्या वारकऱ्यांच्या आणि त्यांच्या वाळवंटातल्या वाटा एकमेकींना छेदून गेल्या असणारच. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात खराटा आणि पाणी प्यायला, भाकरी खायला एक मडक्याचं खापर. वऱ्हाडात मडक्याला गाडगं म्हणतात, त्यावरून नाव पडलं.

पण मी त्यांच्याविषयी लिहितोय ते खराट्यासाठी नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे, शाळेच्या पुस्तकात आहे. मी लिहितोय ते त्यांच्या वडलांसाठी.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई. जात परीट. घर तसं खाऊनपिऊन सुखी होतं, शेतीभाती होती. झिंगराजी काही जन्माचे दारुडे नव्हते. हे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण पुढचं सगळं यातून येतं. त्या काळी बऱ्याच जातींत दारू ही रीत होती. देवाला बोकड कापायचा तर त्याच्यासोबत दारूचा नैवेद्य लागायचा. बारसं असो, लग्न असो, मयताचा दिवस असो, पंगतीला मटण आणि दारू नसेल तर भाऊबंद उठून जायचे. पंचायतीत कुणाला दंड झाला तर त्या दंडाचीही पुष्कळदा दारूच व्हायची. म्हणजे माणूस पहिला घोट घेतो तो हौसेनं नाही, मान राखायला घेतो. नको म्हणणारा देवाचाही गुन्हेगार आणि जातीचाही.

झिंगराजींचं असंच झालं. मानापानाचा घोट हळूहळू रोजचा झाला. रीत पाळायला जी आणली जायची ती आता रीत नसतानाही लागायला लागली. शेत गेलं, जनावरं गेली, घरातलं होतं नव्हतं ते गेलं. अंगात दुखणं शिरलं. डेबू आठ वर्षांचा असताना, १८८४ साली, झिंगराजी गेले. जाण्याआधी त्यांना उमगलं होतं, आणि पोराला या दारूपासून आणि दारू मागणाऱ्या देवांपासून लांब ठेव असं त्यांनी सखुबाईला बजावलं होतं, असं चरित्रकार सांगतात.

इथं मी जरा थांबतो. आपण दारुड्याच्या नावानं बोटं मोडतो, आणि ते करणं सोपं असतं. पण झिंगराजींना पहिला पेला कुणी दिला? ज्यांनी दिला ते सगळे त्यांच्या मयताला आले असतील, आणि रीतीप्रमाणे दिवसांची पंगतही मागितली असेल. बापाच्या मयतापुढं आठ वर्षांच्या पोरानं काय पाहिलं, हे त्यालाच ठाऊक. पण पुढची पन्नास वर्षं हा माणूस दारूवर बोलला, तेव्हा एकट्या पिणाऱ्यावर कधी बोलला नाही. पंगतीवर बोलला, नवसावर बोलला, रीतीवर बोलला. त्याचं मूळ शेंडगावच्या त्या घरात आहे, असं माझं मत आहे.

सखुबाई पोराला घेऊन माहेरी गेल्या, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. तिथं आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान. आश्रिताचं पोर म्हणून डेबूच्या वाट्याला गुरं राखणं आलं. गुराख्यांबरोबर भाकरी खायची, जात विचारायची नाही, आणि रात्री पोरं जमवून भजन करायचं. अक्षरओळख नव्हती. पण ऐकलेलं पाठ व्हायचं आणि गळा चांगला होता. तुकोबांचे अभंग तिथंच कानावर पडले आणि जन्मभर पुरले. नांगर धरायचं वय झालं तसा डेबू शेतात उतरला, आणि असा राबला की मामाचं शेत गावात उठून दिसायला लागलं.

मग सावकारानं मामाला फसवलं. सह्या-अंगठ्यांचा तो खेळ आपल्या आज्या-पणज्यांनी सगळ्यांनीच सोसलेला आहे, त्यात नवीन काही नाही. मामानं हाय खाल्ली आणि ते गेले. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी नांगर सोडून आडवा उभा राहिला आणि जमीन राखली. वऱ्हाडातल्या त्या टापूत सावकारापुढं कुळानं असं उभं राहणं ही नवलाची गोष्ट होती. कर्ज काढू नका, हा त्यांच्या कीर्तनातला दुसरा मोठा विषय, तो इथला. खरं तर दारू आणि कर्ज या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या धरल्याच नाहीत. सणाला कर्ज, कर्जाची दारू, दारूसाठी पुन्हा कर्ज. झिंगराजी आणि चंद्रभान, वडील आणि मामा, दोघं दोन टोकांनी त्याच फासात अडकले होते.

१८९२ साली डेबूजींचं लग्न झालं, कुंताबाईंशी. लेकरं झाली. आणि मग आला तो प्रसंग, जो माझ्या मते बाबांच्या आयुष्यातलं पहिलं कीर्तन आहे, जरी त्यात टाळही नव्हता आणि वीणाही नव्हती.

मुलीचं बारसं होतं. रीतीप्रमाणे भाऊबंद जमले. मटण शिजणार, दारू येणार, हे कुणी विचारायचीही गरज नव्हती. डेबूजींनी पंगतीत गोडाधोडाचं जेवण वाढलं. बोकड नाही, दारू नाही. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. आपल्या घरी बारशाला श्रीखंड असतं, बुंदी असते. पण त्या पंगतीत बसलेल्यांच्या जागी बसून बघा. हा अपमान होता. आजवरच्या प्रत्येक बारशाला आपण यांना पाजली, आणि यानं आपल्याला गोड खाऊ घालून वाटेला लावलं. तोंडं वाकडी झाली, बोलणीही बसली. आता हा वाळीत पडायचा, देवाचा कोप होऊन पोर दगावायचं, असं ऐकायला लागलं असेल ते वेगळंच. डेबूजी मागे हटले नाहीत, आणि कुंताबाई आणि सखुबाई या दोन बायाही हटल्या नाहीत. त्यांची नावं चरित्रात कोपऱ्यात येतात. पण दारू न पाजता पाहुणे घरातून काढायचे तर चुलीपुढं उभी असलेली बाई पाठीशी लागते, हे ज्या घरात हे घडलंय त्या घराला विचारा.

दारू एकट्यानं सोडून भागत नाही. आजूबाजूच्या पंगतीनं ती सोडावी लागते. पंगत सोडायला तयार नसेल तर कुणीतरी नवी पंगत मांडावी लागते.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री डेबूजी घर सोडून निघाले. पुढची बारा वर्षं ते कुठं कुठं हिंडले, काय खाल्लं, कुठं निजले, याच्या अनेक गोष्टी आहेत. त्यातल्या काही खऱ्या, काही भक्तांनी वाढवलेल्या. मी त्यात शिरत नाही. गावात शिरायचं, कुणाशी न बोलता रस्ता झाडायला लागायचं, कुणी हाकललं तर पुढच्या गावी जायचं, कुणी भाकरी दिली तर काम करूनच खायची, एवढं मात्र सगळीकडून सारखं ऐकू येतं. १९०८ साली पूर्णा नदीवर घाट बांधून झाला. नदीच्या चिखलात यात्रेकरू घसरून पडायचे, म्हणून लोकांना जमवून हे काम केलं. माणसं जोडायची तर काम द्यायचं, ही त्यांची पद्धत तिथून दिसते.

आणि मग कीर्तन. बाबांचं कीर्तन आपल्या फडावरच्या कीर्तनासारखं नव्हतं. अभंगाचं निरूपण, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष, दृष्टांत, सिद्धान्त अशी मांडणी त्यात नसायची. ते वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे. लोकांनी उत्तर द्यायचं. उत्तरावर आणखी प्रश्न. देव बोकड खातो का, देवानं कधी तुमच्याकडं दारू मागितली का, पिऊन घरी गेल्यावर पोरं जवळ येतात की पळतात, असले प्रश्न. लोक हसायचे. हसता हसता उत्तर द्यायचे, आणि उत्तर दिलं की अडकायचे. कारण उत्तर स्वतःच्या तोंडून, सगळ्या गावासमोर निघालेलं असायचं. मध्येच देवकीनंदनाच्या नामाचा गजर व्हायचा, हजारो माणसं एका सुरात, आणि गजर ओसरला की पुढचा प्रश्न.

ही युक्ती साधी वाटते, पण विचार करा. पिणाऱ्या माणसाला एकट्याला गाठून उपदेश केला तर तो मान डोलावतो आणि संध्याकाळी पुन्हा जातो. त्याला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या तर लाजेनं आणखी पितो. बाबांच्या कीर्तनात त्याचं नावच घेतलं जायचं नाही. प्रश्न सगळ्या सभेला असायचा. पिणारा, पाजणारा, गुत्त्याला जागा देणारा, नवऱ्याची बाटली लपवणारी, नवस बोलणारी म्हातारी, सगळे एका वेळी नाही म्हणायचे. पिणाऱ्याच्या नाहीला बाकीच्यांच्या नाहीचा टेकू मिळायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांबरोबर खराटा घेऊन तोच माणूस रस्त्यावर असायचा, शेजारी पाटील आणि मागं महारवाड्यातला कुणी. ज्याच्या तोंडाला काल वास येत होता, त्याच्या हाताला आज काम होतं, आणि लोक त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघत होते.

१९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. बाबांच्या कीर्तनाला मंत्री येऊन बसायचे तो हा काळ. पण कायद्यानं गुत्ता बंद होतो, रीत बंद होत नाही. भट्टी नाल्यात सरकते. म्हणून कायद्यानंतरही बाबांनी तेच प्रश्न विचारणं चालू ठेवलं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९२३ साली बाबांचा मुलगा गोविंदा कुत्रा चावून गेला. बाबा तेव्हा कोकणात होते, निरोप कीर्तनात पोचला. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हे वाचून कुणी बाबांना कठोर म्हणेल. मला वेगळं वाटतं. दुःख झालं म्हणून पितो, पोर गेलं म्हणून पितो, हे कारण आपण किती जणांच्या तोंडून ऐकलंय. ते कारण खोटं नसतं, दुःख खरंच असतं. त्या रात्री बाबांपुढंही ते दुःख होतं, आणि समोर टाळ वाजवणारी माणसं होती. त्यांनी माणसं धरली.

बाकी त्यांचं काम मोजायला बसलं तर पानं पुरायची नाहीत. १९१७ ला पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा, जी पुढं त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९२५ ला मूर्तिजापुरात गोरक्षण, धर्मशाळा आणि शाळा. नाशिक, देहू, आळंदी इथल्या धर्मशाळा, सदावर्तं. १९५४ ला मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ गावाकडून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. शेवटची ही मला फार महत्त्वाची वाटते. देवाचं नाव घेणारा हा माणूस आजाऱ्याला अंगारा लावून बसवणाऱ्यांतला नव्हता. आजाऱ्याला दवाखान्यात न्या आणि त्याच्या माणसांना निवारा द्या, हा त्याचा धर्म.

म्हणून इथं आपल्या दिंडीचं दोन शब्द बोलतो. रोज पिणारा माणूस माळ घालून एकदम सोडतो, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, भास होतात, एखाद्याला फिट येते. यात जीवही जाऊ शकतो. अशा वेळी हा भक्तीत कमी पडला म्हणून त्याला नामस्मरण करायला बसवू नका. वाटेवर आरोग्य पथकं असतात, तिथं न्या. माळ गळ्यात राहील, औषध पोटात जाईल. दोघांचं भांडण नाही.

दुसरी गोष्ट गटारीची. आषाढी एकादशीपासून मोजा, एकोणीस-वीस दिवसांत अमावास्या येते. अठरा-वीस दिवस पायी चाललेला, नुकती माळ घातलेला माणूस घरी येतो, पायाचे फोड अजून वाळलेले नसतात, आणि गाव त्याच्यापुढं पेला धरतं. आता नवा वारकरी झाला का, म्हणून हसतं. झिंगराजींपुढं जी रीत होती तीच ही, नाव फक्त वेगळं. मी दिंडीतली नोंद बघत आलोय. ज्यांची माळ तुटली त्यातल्या बहुतेकांची त्या वीस दिवसांत तुटली. वारीत कुणाची तुटली नाही. वारीत शेजारी माणूस असतो, मागं विणेकरी असतो, रात्री कीर्तन असतं, पहाटे काकडा असतो. गावी गेल्यावर हे सगळं एका दिवसात संपतं.

काही वर्षांमागं आपल्याकडं एकाची अशी माळ तुटली. नाव लिहीत नाही. पुढच्या आषाढीला तो पुन्हा दिंडीत आला, मागं मागं चालायला लागला. मोठा वाद झाला. माळेचा अपमान केलेल्याला पंगतीत घ्यायचं नाही, असं काही ज्येष्ठांचं म्हणणं होतं, आणि त्यांची तळमळ मी खोटी म्हणत नाही. माळ ही गंमत नव्हे. शेवटी त्याला पाण्याच्या टँकरचं काम दिलं. तळावर सगळ्यांत आधी पोचायचं, सगळ्यांत शेवटी निजायचं. त्या वर्षी परतल्यावर आपल्या चार जणांनी ठरवून गटारीच्या संध्याकाळी त्याच्या ओट्यावर हरिपाठ लावला, आणि जेवणही तिथंच केलं. पुढच्या वर्षी दोन ओट्यांवर लावावा लागला. आता त्या दिवशी आपल्या गावात सहा ठिकाणी हरिपाठ असतो. गाडगेबाबांनी बारशाला जी पंगत मांडली, तिच्याशी याचं नातं आहे असं मला वाटतं, म्हणून हे चरित्र मी लिहायला घेतलं.

८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगेबाबा मिशन स्थापन झालं. बाबांनी स्वतःकडं काही ठेवलं नाही, पोरांनाही दिलं नाही. शरीर थकलं होतं, तरी हिंडणं चालूच होतं. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर त्यांचं कीर्तन झालं. ऐंशी वर्षांचा म्हातारा, तेच प्रश्न, तेच हसू, तोच गजर. पुढच्या महिन्यात, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेल्याची बातमी आली आणि बाबा फार खचले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरच्या मध्यरात्री, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचा प्राण गेला. समाधी अमरावतीला आहे. त्या बाजूला जाणाऱ्या माउलींनी जरूर जावं, आणि वेळ असला तर पुढं शेंडगावालाही जाऊन यावं. झिंगराजींचं गाव ते.